नुसती शाई

त्र्यंबकने कुंचल्याचं टोक ओठांत धरलं, जिभेवर एकदा फिरवलं आणि ते नीट टोकदार झालंय असं बघून पुन्हा शाईत बुडवलं. एवढंच झालं. रविवारची दुपार होती, सत्तावन्न सालचा उन्हाळा डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत ठाण मांडून बसला होता, आणि वासंती नवऱ्यासाठी सब्जाच्या पाण्याचा पेला घेऊन त्याच्या पाठीमागे उभी होती. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि चार वर्षांत हे तिनं किती वेळा पाहिलं असेल याला गणती नव्हती. त्र्यंबक ठाण्याला एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होता. रविवारी, कधी संध्याकाळीही, तो बाहेरची कामं घरी करायचा आणि नकाशातल्या भिंती काळ्या भरायची वेळ आली की रूलिंग पेन बाजूला ठेवून बारीक कुंचला घ्यायचा. शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी लावलेली सवय. ओठांत धरल्याशिवाय केस एका जागी येत नाहीत म्हणे. त्याच्या खालच्या ओठाच्या मधोमध एक काळसर ठिपका कायमचा राहून गेला होता. नव्या नवलाईत तिनं त्याची थट्टाही केली होती, की लोकांचे नवरे पान खातात, माझा शाई पितो. आज तोच ठिपका आठवला आणि तिची नजर टेबलाकडे गेली. टेबलावर, चिनी मातीच्या बशीशेजारी, ती बाटली होती. परदेशी ड्रॉइंग शाईची ती बुटकी बाटली पंधरवड्यापूर्वी वासंतीच्या पर्समध्ये बसून ठाण्याला गेली होती आणि संध्याकाळी परत आली होती. ती कुठे जाऊन आली, तिच्याजवळ काचेवर काय पसरलेलं होतं, हे वासंतीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तरीही बाटली परत आणताना तिला या ओठांची आठवण झाली नव्हती. पेल्यातलं सब्जाचं बी फुगून वर आलं होतं. प्रत्येक काळ्या दाण्याभोवती एक बुळबुळीत, पारदर्शक वेढा. तिनं पेला जमिनीवर ठेवला.

"काय गं?" त्र्यंबकनं मान न वळवता विचारलं.

"काही नाही," वासंती म्हणाली.

आणि हे 'काही नाही' म्हणताच आपण एक दार लावून घेतलं, असं तिला वाटलं. आता ते उघडायचं म्हणजे आधी का लावलं तेही सांगावं लागणार. ती स्वयंपाकाच्या ओट्याशी जाऊन उभी राहिली आणि त्या दिवशी आपले हात नेमके काय काय करत होते ते आठवू लागली. डॉक्टर सबनीसांची तपासणीची खोली ठाण्याला, तलावापासून जवळच, एका कापडवाल्याच्या दुकानाच्या वर होती. वासंती बीएस्सी झालेली, तिथं दिवसभर रक्त, लघवी, थुंकी बघायची. त्या दिवशी हॉस्पिटलातून एका तरुण मुलाच्या मणक्यातलं पाणी आलं होतं. उत्तम नाव, राहणार आंबिवली, गिरणीत कामाला. डोकं असह्य दुखणं, ओकाऱ्या, ताप, मान ताठ. मेंदूच्या आवरणाचा क्षय असणार, असं समजून हॉस्पिटलवाल्यांनी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं चालू केली होती. पण पाण्यात क्षयाचे जंतू काही सापडत नव्हते. तसे ते पुष्कळदा सापडत नाहीतच. दुसरा कुणी असता तर मान हलवून गप्प बसला असता. पण डॉक्टर सबनीस हुशार माणूस, आणि आपल्या हुशारीला ठाणं अपुरं पडतं ही त्यांची मनातली जुनी तक्रार. त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं, की टोरुला नावाची एक बुरशी आहे, ती मेंदूच्या आवरणाला धरते, आणि बाहेरून सगळं हुबेहूब क्षयासारखंच दिसतं. ती ओळखायची म्हणजे पाण्याच्या थेंबात काळी ड्रॉइंग शाई मिसळून बघायचं. खोलीत ड्रॉइंगची शाई कुठून असणार? वासंती म्हणाली, आमच्या घरी आहे. तेव्हा किती उत्साहानं म्हणाली होती ती.

दुसऱ्या दिवशी तिनं बाटली नेली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं ते तिला आता शब्द न् शब्द आठवत होतं. ही बुरशी म्हणजे आंबवणाच्या किण्वासारखी एक एक सुटी गोल पेशी; तिला स्वतःची भिंत असतेच, पण त्या भिंतीबाहेर ती आणखी एक जाड, चिकट आवरण गुंडाळून घेते. त्या आवरणाला कुठलाही रंग चढत नाही. ते असतं आणि दिसत नाही. शरीराचे राखणदार तिला गिळायला धावतात तर हातातून निसटते, त्यांना ती धरताच येत नाही. शाईतली काजळी मात्र त्या आवरणात शिरू शकत नाही. मग सगळीकडे काळोख आणि त्या एकाच जागी पांढरं कडं राहतं. शाई जिथं शिरली नाही तिथं ती आहे, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि वासंतीला ते वाक्य आवडलं होतं. तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावला. काळोख होता. स्क्रू किंचित फिरवला. काळोखात एक कडं होतं, आणि कड्याच्या मधोमध एक टपोरा, चकचकीत गोळा. त्याच्या बाजूला दुसरा, आणि त्या दुसऱ्याच्या अंगाला एक पिल्लू फुटलेलं, आई-मुलाला मिळून एकच वेढा. डॉक्टर, सब्जाचं बी, ती म्हणाली होती. डॉक्टर खुर्ची मागे सारून उठले, त्यांनी बघितलं, पुन्हा बघितलं आणि लहान मुलासारखे हसले. जिल्ह्यात कुणीच पाहिलं नसेल आजवर, म्हणाले. तासाभरात रिपोर्ट हॉस्पिटलात पोचलासुद्धा. त्या पाण्याचे दोन थेंब त्यांनी बुरशी वाढवायच्या नळीत टाकून ठेवले, पण ते आपलं रीत म्हणून. डोळ्यांनी दिसलं ते दिसलं.

बाहेरच्या बाकावर उत्तमची आई, हौसाबाई, सकाळपासून बसून होती. वीटभट्टीवर काम करणारी बाई, पायांना भेगा, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. वासंती बाहेर आली तशी ती उठून उभी राहिली. "बाई, काय निघालं?" तिनं विचारलं. आणि वासंतीच्या तोंडावर आतला आनंद तसाच होता. "निघालं," ती म्हणाली. "सापडलं एकदाचं." हौसाबाईनं दोन्ही हात जोडले. "मंग आता औषीद लागू पडंल," ती म्हणाली. या बुरशीवर औषध नाही, हे वासंतीला तोपर्यंत ठाऊक झालं होतं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. ती मान हलवून आत गेली, नळ सुरू केला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ हात धूत राहिली. नंतर कळलं, की हॉस्पिटलवाल्यांनी इंजेक्शनं थांबवली. ज्याचा उपयोग नाही ते टोचून पोराला कशाला छळायचं? घरी न्या, म्हणाले. हौसाबाई घरी घेऊन गेली. त्या जोडलेल्या हातांची आठवण वासंतीनं मनाच्या तळाशी दाबून ठेवली होती. आज ती वर आली, पण हौसाबाईसाठी नव्हे. आज वासंतीला स्वतःचा नवरा दिसत होता.

कारण तिच्या हातांचा हिशेब जुळत नव्हता. काचपट्टीवर आधी पाण्याचा थेंब ठेवला की आधी शाईचा? शाई बाटलीतून काढायला तिनं काचेची कांडी वापरली होती, एवढं नक्की. मग त्याच कांडीनं दोन्ही थेंब ढवळले का? आणि दुसऱ्या पट्टीसाठी तीच कांडी पुन्हा बाटलीत बुडवली का? डॉक्टर शेजारी उभे होते, घाई करत होते. कधी तिला वाटे, नाही, आपण कांडी बदलली, स्पिरिटच्या दिव्यावर धरलेली आठवते. पण ते दुसऱ्या कुठल्या दिवसाचं धरणं असेल. रोज शंभरदा धरतो आपण. संध्याकाळी तिनं बाटली बाहेरून स्पिरिटनं पुसली होती आणि आपण किती काळजी घेतो म्हणून मनाशी खूषही झाली होती. परदेशी मालाची आवक बंद झाल्यापासून बाजारात तशी शाई मिळत नव्हती, त्र्यंबकनं बाटली देताना बजावलं होतं, की तुझ्या डॉक्टरला थेंबापुरतीच दे, हे आमचं पोट आहे. म्हणून तर ती परत आणली. बाहेरून पुसून, आत काय आहे ते तसंच ठेवून.

सोमवारी संध्याकाळी त्र्यंबक कामावरून आला तो कपाळ चोळत. उन्हानं डोकं चढलंय, म्हणाला. कुणाचंही चढलं असतं. चाळीतल्या प्रत्येक घरात त्या दिवसांत कुणी ना कुणी कपाळाला कांदा नाही तर बाम लावून पडलेलं होतं. पण वासंती हातातलं टाकून उठली. तिनं त्याच्या कपाळाला हात लावला, गार होतं. गार आहे म्हणजे काय, सुरुवातीला गारच असतं, असं लगेच मनानं सांगितलं. जेवताना ती त्याच्या घासांकडे बघत राहिली. ओकारी येते का, उजेड सहन होतो का, बोलताना शब्द अडखळतो का. नवऱ्याकडे इतकं निरखून तिनं लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरसुद्धा बघितलं नव्हतं. मंगळवारी सकाळी तो दाढी करत असताना ती म्हणाली, जरा हनुवटी छातीला लावून दाखवा बरं. "कशाला?" असं त्यानं साबण लावलेल्या तोंडानं विचारलं. तिनं सांगितलं, की मानेमागे घामोळं आलंय का बघते. त्यानं हनुवटी छातीला लावली. लागली. सहज लागली. तिनं मानेवरून बोट फिरवलं, मणक्याचे मणी बोटाला लागले, आणि त्यांच्या आत, नळीत, स्वच्छ पाणी आहे की नाही हे कसं कळणार, या विचारानं तिनं हात चटकन मागे घेतला. तो आरशातून हसला आणि म्हणाला, "तुझे हात कसले गार पडलेत गं."

सांगावं का? दिवसातून दहादा ती सांगायला निघायची. ऐकलंत का, म्हणून सुरुवातही करायची, आणि पुढे मीठ आणायचंय किंवा घड्याळाला किल्ली द्यायचीय असलं काहीतरी निघायचं. सांगून काय होणार होतं? औषध असतं तर गोष्ट वेगळी. नुसतं सांगायचं म्हणजे आपली भीती उचलून त्याच्या डोक्यात ठेवायची. मग तोही रोज सकाळी हनुवटी छातीला लावून बघणार. तिला एकीकडे वाटायचं, की आपण त्याला जपतोय. दुसरीकडे स्वच्छ कळायचं, की आपण स्वतःलाच जपतोय. एक बुळबुळीत थर तिच्याभोवती साचत चालला होता. त्र्यंबक बोलायचा, हसायचा, कधी खांद्यावर हात ठेवायचा, आणि ते सगळं त्या थरावरून घसरून जायचं, आत पोचायचं नाही. कुंचला ओठांत घालू नका, एवढं मात्र ती म्हणाली. त्यावर तो म्हणाला, बरं, आणि पाच मिनिटांत घातला. एकदा तिनं कुंचला लपवून ठेवला, तर त्यानं दुसरा काढला. खिडकीच्या वरच्या झरोक्यात कबुतरांनी घर केलं होतं, त्यांची पिसं आणि वाळकी घाण टेबलावर सांडायची, आणि त्र्यंबक ती फुंकरीनं उडवून पुन्हा काम करू लागायचा. माणूस किती उघडा असतो, तिच्या मनात येई. नाक, तोंड, डोळे, सगळं सताड उघडं, आणि कशालाही कडी नाही.

शेवटी बुधवारी तिनं बाटली पुन्हा पर्समध्ये टाकली. डॉक्टर जेवायला घरी गेल्यावर दार लोटून घेतलं. काचपट्टीवर शाईचा एक थेंब, नळाच्या उकळून घेतलेल्या पाण्याचा एक थेंब, वर पातळ काच. कुणाचंही रक्त नाही, कुणाच्याही मणक्यातलं पाणी नाही, नुसती शाई. खालून दुकानातल्या कात्रीचा आवाज येत होता. तिनं डोळा लावला आणि स्क्रू फिरवला. काळोख. तिनं पट्टी डावीकडे सरकवली. काळोखच. तिला रडू येईल इतकं हायसं वाटू लागलं, आणि तेवढ्यात कडेनं एक कडं आत आलं. पांढरं, रुंद, शांत. मधे टपोरा गोळा. मग दुसरं. मग एकाला पिल्लू फुटलेलं. ते हलत नव्हते, त्यांना घाई नव्हती. वासंतीनं डोळा काढला तरी समोरच्या भिंतीवर तीच कडी दिसत राहिली. मांडणीवर उत्तमच्या पाण्याची नळी उभी होती, तिच्यातल्या थिजलेल्या खळीचा पिवळट उतार कोरा होता, पंधरवडा उलटून गेला तरी काही उगवलं नव्हतं. डॉक्टर रोज तिकडे बघून म्हणायचे, सावकाश वाढते ही, वेळ घेते. त्या नळीकडे तिचं त्या वेळी लक्षच गेलं नाही. तिला एवढंच कळत होतं, की कांडी आपण बदलली नव्हती. आपल्याच हातानं आपण ती बुरशी आंबिवलीच्या पोराच्या पाठीतून काढून नवऱ्याच्या जिभेवर ठेवली.

घरी गेल्यावर तिनं चपलाही काढल्या नाहीत. त्र्यंबक नुकताच येऊन चहाची वाट बघत बसला होता. "ही शाई तुम्ही तोंडात घातलीत," ती म्हणाली, "हिच्यात त्या मुलाचा रोग आहे. मी आज बघितला." आणि मग सगळं सांगितलं, कांडी, हौसाबाई, हनुवटी, सगळं, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत.  त्र्यंबकनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तो जरासा ओशाळला. "ही बाटली?" तो म्हणाला. "अगं, ही परत आल्यापासून मी उघडलीच नाही. तुझ्या दवाखान्यात जाऊन आलेली, कुणाकुणाचं काय काय असतं तिथं. मला किळस वाटली, तुला कसं सांगणार." बाटली तिच्या हवाली करण्याआधीच त्यानं पुरेशी शाई बामच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवली होती, आणि तेव्हापासून बशीत घ्यायचा ती त्यातलीच. बामची बाटली त्यानं खणातून काढून दाखवली; निम्मी संपली होती. डोकेदुखीचं म्हणशील तर चष्म्याचा नंबर वाढलाय, कालच डोळे तपासून आलो, पुन्हा खर्च म्हणून बोललो नाही. वासंती पाटावर बसली आणि हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. ती नवऱ्याच्या किळसेवर, जिचा एरवी तिला राग आला असता, त्या किळसेवर जीव ओवाळून टाकायला तयार होती. त्या रात्री ती जेवली, दोनदा भात घेतला आणि पडल्या पडल्या झोपली.

तिथंच थांबली असती तर थांबली असती. पण घाबरलेल्या माणसाला सुटकेचीसुद्धा खात्री करून घ्यावीशी वाटते. गुरुवारी सकाळी तिनं बामच्या बाटलीतले चार थेंब एका कुपीत घेतले. ही शाई स्वच्छ आहे, हे एकदा डोळ्यांनी बघू, मग संपलं. डॉक्टर पुढच्या खोलीत कुणाचं तरी रक्त काढत होते. पट्टी नवी, कांडी नवी, दिव्यावर लाल होईपर्यंत धरून गार केलेली; या वेळी तिनं प्रत्येक गोष्ट मनात मोठ्यानं उच्चारत केली. डोळा लावला. आणि काळोखात कडी होती. एक, त्याच्या खाली दुसरं, वर पिल्लू फुटलेलं तिसरं. वासंतीला वाटलं, काल आपल्या डोळ्यांत राहिलेलीच ही दिसताहेत. तिनं डोळे मिटले, उघडले, दुसरी पट्टी केली. कडी तिथंच होती. तिचं मन आधी पुन्हा नवऱ्याच्या ओठांकडे धावलं आणि मध्येच अडलं. ही शाई तर ठाण्याला आलीच नव्हती. उत्तमचं पाणी बाटलीजवळ येण्याआधीच ती वेगळी काढली होती. हिला कुणाची कांडी लागली नव्हती. मग ही कडी हिच्यात आली कुठून? कुठूनही येवोत, झरोक्यातून, धुळीतून, उघड्या बुचातून. पण ती आधीपासून होती. उत्तमच्या आधीपासून. त्या दिवशी वासंतीनं काळोखात जे बघितलं ते शाईतलं बघितलं. उत्तमच्या पाण्यात ते नव्हतंच. म्हणून नळी कोरी. बुरशी सावकाश वाढत नव्हती, नळीत वाढायला काही नव्हतंच. नुसती शाई आधी बघायची, पाण्याआधी, एवढी एक पट्टी त्या दिवशी कुणी केली नाही. तिनं नाही आणि डॉक्टरांनी नाही. आणि तेवढ्यावर एका पोराची इंजेक्शनं बंद झाली होती, जी त्याच्या रोगावरची बरोबर इंजेक्शनं होती.

आता जी भीती आली तिला धरायला कुठे जागा नव्हती. आधीच्या भीतीत निदान नवरा होता, त्याची मान होती, कपाळ होतं, हात लावून बघता येत होतं. ही भीती आंबिवलीला कुठल्या तरी घरात पडून होती आणि अजून श्वास घेत होती की नाही तेही ठाऊक नव्हतं. तिच्या मनात आलं, ते अगदी स्वच्छ आलं, की हे कुणालाही कळायचं नाही. कुपी मोरीत रिकामी करायची, बाटल्या फोडून टाकायच्या, नळी आणखी आठवड्यानं डॉक्टर स्वतःच फेकून देतील आणि कधी कधी उगवत नाही म्हणतील. त्र्यंबक ठीक आहे. ठीक म्हणजे, वर्षभर हीच शाई चाटतोय आणि हिंडतोय फिरतोय, उद्याचं कुणी सांगावं, पण आज ठीक आहे. हौसाबाई परत यायची नाही. तिला सापडलं म्हणून सांगितलंय, आणि सापडलेल्या गोष्टीपुढे ती काय बोलणार? कुपी हातात धरून वासंती मोरीशी उभी राहिली. तिला त्या बाईचे जोडलेले हात आठवले. ते हात तिच्यापुढे जोडले होते, डॉक्टरांपुढे नव्हे. मग ती पुढच्या खोलीत गेली आणि म्हणाली, की जरा आत येऊन बघा.

डॉक्टर सबनीसांनी दोन्ही पट्ट्या पुष्कळ वेळ बघितल्या. बघताना त्यांची मान हळूहळू खाली गेली. ते म्हणाले, घाई नको, नळीचा निकाल येऊ द्या. "नळी कोरी आहे, डॉक्टर," वासंती म्हणाली. "ती कोरीच राहणार आहे." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, त्याशिवाय त्यांचा चेहरा अगदी साध्या, थकलेल्या माणसाचा दिसत होता. मासिकात पाठवायला टिपणाचा कच्चा खर्डा त्यांनी केला होता, तो समोरच होता, तो त्यांनी उलटा करून ठेवला. मग ते उठले आणि हॉस्पिटलला फोन लावायला लागले, पुन्हा इंजेक्शनं द्यायला आजच्या आज खाट हवी म्हणून. फोन हातात धरून त्यांनी विचारलं, पण त्या मायलेकांना आणणार कोण? वासंतीनं पर्स उचलली होती.

आंबिवलीला उतरली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. वीटभट्टीची राख उडत होती आणि वाटेतली शेतं भेगाळून पडली होती. सबंध वाट ती वाक्यं जुळवत आली होती. शाईत दोष होता. तपासणीत एक गोष्ट राहून गेली. अजून वेळ गेलेली नसावी. एकेक वाक्य ती हौसाबाईच्या तोंडासमोर धरून बघायची आणि टाकून द्यायची. मधूनच त्र्यंबक मनात यायचा, टेबलाशी बसून ओठांत कुंचला धरलेला, आणि संध्याकाळी जाऊन ते सगळं चुलीत घालायचं असं ती ठरवायची. एका भीतीतून सुटायला गेली आणि दोन घेऊन चालली होती. विचारत विचारत ती भट्टीमागच्या कुडाच्या घरांपाशी आली. घराबाहेर माणसं जमलेली नाहीत ना, हे तिनं आधी लांबूनच बघितलं. माणसं नव्हती. एक कोंबडी सावलीत पंख पसरून बसली होती आणि दाराशी हौसाबाई ओल्या फडक्याचं पाणी पिळत उकिडवी बसली होती. आत अंधारात चटईवर उजेडाकडे पाठ करून कुणीतरी पडलं होतं. वासंती त्या पाठीकडे बघत राहिली. पाठ वर झाली, खाली गेली, थांबली, पुन्हा वर झाली. तेव्हा कुठे ती दारापर्यंत गेली.

हौसाबाईनं तिला ओळखलं आणि पदर सावरत उभी राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आशासुद्धा नव्हती, ठाण्याहून बाई इथवर आली याचं नुसतं दडपण होतं. "बाई, तुमी?" ती म्हणाली. "अजून काय निघालं का त्याच्यात?"

जुळवलेली सगळी वाक्यं गळून गेली. "नाही, हौसाबाई," वासंती म्हणाली. "तेव्हाही काही निघालं नव्हतं."

 फडक्यातलं पाणी हौसाबाईच्या भेगाळलेल्या पायांवर ठिबकत होतं. आत उत्तम कण्हला, तिकडे तिनं एकदा बघितलं आणि पुन्हा वासंतीकडे वळली.

"मंग त्याची सुई कोनी बंद केली?"

"मी," वासंती म्हणाली, आणि चपला काढून त्याला उठवायला आत गेली.